चपलांची तोंडं

गोंदरमध्ये घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
सकाळचे दोन वाजलेत,
परदेशी सर्जनच्या मनगटावर आठ,
आणि मी सहा प्रश्नांचा कागद घेऊन
वॉर्डात खाटेमागून खाट फिरतेय.
भुलीची धास्ती वाटते का? सारखं तेच मनात येतं का?
एक ते पाच. कुठेही खूण चालेल.

कोण घाबरणार, याचं गणित सरांनी आधीच मांडलंय:
बाई असेल, वय कमी असेल, पहिलीच खेप असेल,
कुणी नीट समजावलं नसेल.
मी तेवीस वर्षांची. बाई.
मलाही कुणी नीट समजावलेलं नाही.

येशीमेबेतच्या पित्ताशयात खडे.
ती प्रश्न ऐकतच नाही.
टेफचं पीठ आंबायला घातलंय परवा,
आज इंजेरा कोण भाजणार? पोरीला तवा झेपत नाही.
हे भुलीत मोडतं की शस्त्रक्रियेत?
मी तीनवर खूण करते.

वुबशेत ट्रक हाकतो, जिबूतीच्या रस्त्यावर.
हसत हसत एक, एक, एक.
नाडी एकशे अठरा.
"चढ होता ना," म्हणतो.
वॉर्ड तळमजल्यावर आहे.

तिसऱ्या आठवड्यात मला चपला दिसायला लागल्या.
रात्री खाटेखाली सारताना
काहीजण त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवतात.
वहीच्या मागच्या पानावर टिपत गेले, गुपचूप.
अशा चौदांपैकी अकरा जणांना
पहाटे दरदरून घाम.
वुबशेतचे बूट तर नाडीसुद्धा बांधलेले,
पाय घातला की निघाला.

मग डोंगरातल्या मठातून आले आब्बा मेन्गेशा.
दोन दिवस चालत. अनवाणी.
खाटेखाली नुसती फरशी.
कागद त्यांनी उलटा करून पाहिला,
कोरी बाजू जास्त आवडली बहुतेक.
"मी झोपल्यावर जागं कोण राहणार?"
एवढंच विचारलं.
मी म्हटलं, मी.
"तू म्हणजे कोण?"
सेब्ले.
तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून,
पाठांतराला बसलेल्या पोरासारखं.

सर म्हणाले, अपुरी नोंद, वगळ.

थिएटरच्या दाराशी मी चपला बदलल्या,
कुठल्या दिशेला काढल्या, वळून पाहिलं नाही.
मास्क धरला. दहापासून उलटे मोजा, म्हटलं.
आकडे त्यांनी सोडूनच दिले.
सेब्ले, म्हणाले. सेब्ले.
से