मृत संवर्ग

भिलवडीच्या पुलाखाली पट्टीवरचं पाणी वाचायचे
रंगराव वायदंडे. सत्तावीस वर्षं.
पुरात तासातासाला, छत्री खांद्याला टेकवून.

देशाच्या गळ्याशी कर्ज आलं म्हणे.
किती फूट, किती इंच,
ते कुणी सांगेना.
एवढा कागद आला सांगलीहून:
पद व्यपगत. मृत संवर्ग.
तो दोनदा वाचून त्यांनी बायकोला विचारलं,
"मी सकाळी जेवलो नव्हं?"

बॅटरी जमा केली, वही जमा केली.
छत्री घरची होती.

परवा रात्री माळी गल्लीतनं कुणी दार वाजवलं,
"तात्या, किती झालं?"
उघड्या पायांनीच उतरले,
घाटाच्या पायऱ्या अंधारात चाचपत.
एकेचाळीस, चार! ओरडून सांगितलं वर
आणि सवयीनं हात
कानामागं गेला, पेन्सिल काढायला.