अर्धा सूत

तासगावात विटा नाक्यावर माझं गॅरेज.
सावळजच्या रत्नप्रभा मगदूम पिकअप घेऊन आल्या
तेव्हा सोबत पुठ्ठे होते, अकरा.
बेदाण्याच्या बॉक्सचे, उलगडून सपाट केलेले.
रोज रात्री गाडीखाली एक सारायचा,
सकाळी डागाभोवती पेनानं गोल काढायचा,
बाजूला तारीख.
पहिला डाग लिमलेटच्या गोळीएवढा,
अकरावा भाकरीएवढा.
"आता तुम्हीच वाचा," म्हणाल्या.
नवरा पलीकडच्या सीटवर, मांडीवर कागदांची पिशवी.
त्याला गाडी हातात घ्यायची भीती वाटते.
त्यानंच सांगितलं, न विचारता.

मी खाली शिरलो.
तेल आणि सावळज रोडची धूळ,
दोघांचा मिळून काळा हलवा झालेला,
पट्ट्यानं तो पंख्यावर, रेडिएटरवर,
पार बॅटरीच्या पत्र्यापर्यंत शिंपडलेला.
अशा वेळी तेल कुठून येतं ते बघायचं नसतं,
आधी पुसायचं असतं.
डिझेल, ब्रश, चिंध्या.
सोहेलची अर्धी सकाळ गेली.
मग इंजिन चालू केलं, टॉर्च धरला,
आणि पुलीच्या मागून, अगदी निवांत,
एक ओठ ओला झाला.

पुढचं सील.
बांगडीएवढं रबर, आत केसासारखी स्प्रिंग.
किंमत सांगितली तर बाई हसल्या,
"एवढ्याशासाठी अकरा पुठ्ठे?"
रबर स्वस्तच असतं, म्हटलं,
तिथवर पोचायची वाट महाग.
रेडिएटर उतरवा, पंखा काढा, पट्टे सोडवा,
आणि तो पुलीचा बोल्ट, जो कंपनीत कुणीतरी
माझ्याशी वैर असल्यासारखा आवळलाय.

गाडी टॉपमध्ये टाकली. ब्रेकवर बाई स्वतः बसल्या,
सोहेलच्या पायावर त्यांचा भरवसा नव्हता.
पान्याला चार फुटी पाईप लावला.
पहिल्यांदा काहीच नाही.
दुसऱ्यांदा माझा खांदा बोलला.
तिसऱ्यांदा असा टक् आवाज
की समोरच्या चहावाल्यानं गाळणं खाली ठेवलं.

पुली पुसून तिच्या नळीवर नख फिरवलं.
अडकलं.
चर. गोल, चकचकीत, पोस्टकार्डाच्या जाडीएवढा.
जुन्या सीलचा ओठ दोन लाख किलोमीटर
तिथंच टेकून होता
आणि झिजलं होतं लोखंड.

नवं सील तळापर्यंत ठोकलं
तर त्याचाही ओठ त्याच चरात पडणार,
महिन्याभरात पुठ्ठे परत.
मिरजेचे यासीन उस्ताद म्हणायचे,
"आधीच्याच्या खड्ड्यात नव्याला बसवू नकोस.
अर्धा सूत बाहेर ठेव,
आपली जागा आपण करील तो."
उस्ताद हे सीलबद्दलच म्हणायचे.
त्यांची तिन्ही पोरं त्यांच्याच गॅरेजात होती.

ओठाला तेलाचं बोट लावलं.
पाईपचा तुकडा धरून चारी अंगांनी हलकं हलकं,
पापडाची कड सांभाळत लाटावं तसं.
सोहेलनं मोजलं, परत मोजलं,
दबक्या आवाजात म्हणाला, "उस्ताद, वर राहिलंय."
पहिल्यांदाच उस्ताद म्हणाला.
राहू दे, म्हटलं.

बाईंनी पुली हातात घेऊन बघितली.
"आणि हा चर? असाच राहणार?"
राहणार. फक्त आता त्यात कुणी बसणार नाही.

आठ दिवसांनी नवरा एकटाच आला, एसटीनं,
काखेत पुठ्ठा. माझ्या पोटात गोळा.
पण पुठ्ठ्यावर गोल नव्हता.
मागच्या बाजूला हिशेब होता:
कोल्ड स्टोरेज, एकशे चाळीस बॉक्स, हमाली,
तळाशी माझे राहिलेले सहाशे.
नोटा दोनदा मोजून दिल्या. गेला नाही.
जॅकच्या दांड्याशी चाळा करत उभा राहिला,
मग म्हणाला,
"परवा मी चालवली.
रिकामीच होती.
मणेराजुरीच्या फाट्यापर्यंत."