रांगेत एकोणिसावी

आठला एक मिनिट कमी असताना
मी चहाचा कप खिडकीत ठेवते,
केस कानामागे, हेडसेट कानावर.
बाहेर टेव्हियट नदी अजून काळी
आणि निम्मं हॉइक गाव
अंगठा बटणावर ठेवून बसलेलं.

आठ.
चौतीस दिवे एकदम लागतात.

मी डॉक्टर नाही. हे मला रोज सांगितलं जातं,
मी विसरले असेन अशा सुरात.
तू कोण विचारणारी, मला काय होतंय ते?
मी इश्बेल. वीस वर्षं याच खुर्चीत.
आत दोन डॉक्टर, तिसरी बाळंतपणाच्या रजेवर,
दुपारपर्यंत भेटीच्या बावीस वेळा.
त्या मी उबवणीच्या अंड्यांसारख्या राखते.

घोटा मुरगळलाय? हॉस्पिटलच्या मागच्या दारानं जा,
किरकोळ दुखापतींची खोली, नर्स बघेल.
लघवीला जळजळ? औषधांच्या दुकानात, कॅट्रिओनाकडे.
नाही, काउंटरवर नाही बोलायचं,
आत एक खोली आहे, दार लागतं.
दाढ? हो, मला ठाऊक आहे
तो नवे पेशंट घेत नाही.
पेन आहे का हाताशी? हा नंबर लिहून घ्या.

वॉट लेडलॉ, वय अठ्ठ्याहत्तर,
गिरणीत असताना नुसत्या आवाजावरून
मागाचं दुखणं ओळखायचा.
डोळा लाल. कुंपण छाटताना काहीतरी गेलं.
चष्मेवाल्यांकडे जा, म्हटल्यावर
फोनमध्ये इतकी शांतता पसरली
की मला त्याच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं.
"चष्मेवाल्यांकडे? मी काय फ्रेम घ्यायला निघालोय?
आमचे जुने डॉक्टर अडलेली गायसुद्धा मोकळी करायचे."
मिस्टर लेडलॉ, आमच्या डॉक्टरांकडे
तुमच्या डोळ्यासाठी एक बॅटरी आहे.
तिथे यंत्र आहे. आजच बघतील. पैसे नाहीत.
त्यानं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दोन मिनिटांनी पुन्हा तोच.
"काटा होता. ब्लॅकथॉर्नचा. पापणीच्या आत,
बघ, काट्याचा नायटाच व्हायचा.
त्या पोरीनं हनुवटी पट्टीवर टेकवायला लावली,
म्हणाली श्वास सोडा, आणि काढला."
मग तो पोरीबद्दलच बोलत राहिला,
तिचा आजा त्याच्याच गिरणीत, रंगखात्यात होता म्हणे,
निळे हात घेऊन चर्चमध्ये यायचा.
बायको गेल्यापासून
इतक्या जवळून कुणी बघितलं नव्हतं म्हणे.
सत्तावीस जण मागे ताटकळत होते.
मी त्याला चार मिनिटं दिली.
या दुखण्याला कुठे धाडायचं
ते माझ्या तक्त्यावर नाही.

माझा खोकला मात्र हट्टी निघाला.
मी माझंच ऐकलं, कॅट्रिओनाकडे गेले.
पहिल्यांदा तिनं मध सांगितला, घरचाच.
परवा विचारलं, किती आठवडे झाले?
जिना चढताना थांबतेस? स्कर्ट सैल झालाय का?
बाटलीकडे गेलेला तिचा हात तसाच मागे आला.
हा सुंठीवाचून जाणारा नव्हता.
"मी तुला आज काही विकणार नाही, इश्बेल.
हा डॉक्टरांचा आहे."

मधल्या दारानं आत शिरता आलं असतं,
बर्फी डब्यातलं एक बिस्किट उचलावं तसं.
पण रोज बावीस मोजणाऱ्या बाईला
तेविसावी मागायला जीभ उचलत नाही.
म्हणून आज रजा, स्वयंपाकघर,
अंगठा बटणावर.

आठ.
तुम्ही रांगेत एकोणिसावे आहात.
आणि मग मी. चार वर्षांपूर्वीची,
न खोकणारी, किंचित गोड:
तुम्हाला डॉक्टरच हवे आहेत का?
आधी औषधांच्या दुकानात विचारून पाहिलंत का?

विचारलं गं, मी तिला सांगते,
विचारलं. तिनंच पाठवलंय.

अठरा.