रास मोकळी

मधल्या मारुतीपासून दोन बोळ आत आमचं दुकान.
खडे गुरुशांतप्पा अण्णांचे, पंचांग त्यांचं, गादी त्यांची.
माझं फक्त कोंदण.
मान खाली घालून मी चांदी तापवतो
आणि लोकांचे ग्रह ऐकतो.

मेष? पोवळं.
कर्क? मोती, चांदीत, सोमवारी.
मकर किंवा कुंभ म्हटलं की अण्णा आवाज खाली आणतात :
नीलम आधी तीन रात्री उशीखाली ठेवा,
वाईट स्वप्न पडलं तर परत आणा.
परत आलेले नीलम वेगळ्या डबीत असतात.
पुन्हा विकले जातात,
स्वप्नासकट.

मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी
ती आली कुंभारीच्या घरकुलातून.
पदराला तंबाखूचा वास.
म्हणाली, "खडा पायजे. मला.
दुसऱ्या कुणाला नाही."

जन्मतारीख?
"गिरणीचा भोंगा बंद पडला, त्याच्या आदल्या साली."
वेळ?
"आई कांड्या भरत होती. तवा."

अण्णांनी चष्मा पुसला. मग नावावरून काढू. नाव?
"कुठलं?
आईकडं राजमणी.
लग्नात तांदळावर लिहिलं भाग्यलक्ष्मी."

रा : तूळ, शुक्र, हिरा,
नाही परवडला तर ओपल.
भा : धनू, गुरू, पुष्कराज,
नाही परवडला तर सुनेला.
दोन्ही घालू नयेत.
गुरू-शुक्राचं वैर एका हातावर मिटत नाही.
"ह्या दोघींचं पण कधी जमलं नाही,"
ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

अण्णांनी सुनेला पुढं सरकवला. सव्वापाच रत्ती.
गुरुवारी सकाळी, कच्च्या दुधात बुडवून, तर्जनीत.
तिनं तर्जनी वर केली
शाळेत उत्तर येणाऱ्या पोरीसारखी.
"हे बोट कामाचं हाय. ह्यानं विडीचं तोंड मुडपते.
रोजची हजार तोंडं.
अंगठीनं पान फाटलं, विडी छाटात गेली,
तर तुमचा गुरू भरून देतो काय?"

अण्णा आकडेमोड करत राहिले.
तोवर तिनं पुड्यांच्या ढिगातून एक स्वतःच उघडली
आणि खडा दाराच्या उजेडात धरला,
पान कापायच्या आधी शिरा बघतात तसा.
रंग वाळलेल्या तेंदूपानाचा,
मध्ये थोडं मध.
"हा?"
गोमेद. राहूचा. विचारल्याशिवाय घालायचा नसतो.
"राहूची रास कुठली?"
अण्णांनी वर पंख्याकडं बघितलं. लाइट गेलेली.
म्हणाले, त्याला रास नाही.
दुसऱ्याच्या घरात बसतो.
"मग द्या."

मधल्या बोटाचं माप मी घेतलं.
अंगठी खालून उघडी ठेवायची असते,
खडा कातडीला लागला पाहिजे.
तिच्या कातडीवर इतकी कातडी होती
की पोचेल का, मला शंका होती.
बोललो नाही. कोंदण जरा खोल घेतलं.

वहीत रकाने चार : नाव, रास, खडा, रत्ती.
नावाच्या घरात दोन नावं मावेनात,
एक समासात गेलं.
रास अण्णांनी मोकळी सोडली.
छत्तीस वर्षांच्या वह्यांत
मोकळं घर ते एकच.

गड्ड्याच्या जत्रेला आली होती परत,
हातात भाग्यनगरी चिवड्याची पुडी,
अंगठी साफ करायला.
खड्याखाली तंबाखूची भुकटी घट्ट बसलेली.
ती टूथब्रशनं काढता काढता,
अण्णा जेवायला गेलेत हे बघून,
मी विचारलं : काही फरक?

"पडला की.
दिवसाला तीस-चाळीस विड्या कमी होतात."

अरे! मग?

"मग काय.
मधेच बघत बसते ना."