बाहेर आहे

म्हापशाच्या स्टँडवर, कदंबाच्या शेवटच्या गाडीमागं
मी तीन वर्षं झोपलो.
अंथरायला मोसंबीच्या पेटीचा पुठ्ठा.
त्यावर छापलेलं : ही बाजू वर.
माझी वरची बाजू कुठली, ते मात्र
कुठंच छापलेलं नव्हतं.

ब्रदर रोमाल्द आला, तेव्हा पायाची जखम
कुत्र्यांनाही नको झाली होती.
त्यानं नाक धरलं नाही. म्हणाला,
'गाडीत डिझेल नव्हतं, उशीर झाला. सॉरी हां.'
जणू आमची वेळ ठरलेली होती.

चॅपेलमागचं चिऱ्यांचं घर,
एकाच खिडकीला उरलेली शिंपल्यांची तावदानं.
टेबलाशी सिस्टर एस्पेरांसा, पुढ्यात लांबट रजिस्टर.
'नांव कितें?'
ए, ऊठ, सरक,
एवढ्याच नावांना मी ओ देत आलो होतो.
आठवावं लागलं.
'विश्राम. विश्राम गावस, दोडामार्ग.
खाणीवर ट्रक चालवायचो.'
तिनं लिहिलं : ट्रक ड्रायव्हर.
'चालवायचो' नाही लिहिलं.

त्या रात्री खाट सोसेना, लादीवर उतरलो.
पहाटे बघतो तर अंगावर चादर,
आणि शेजारी लादीवरच मिंगेल,
आगबोटीवरचा म्हातारा खलाशी, घोरत.
उठल्यावर म्हणाला,
'पहिल्या रातीक कोणी एकट्यानं खाली निजू नये.'
आणि कंबर धरून आठ दिवस कण्हत राहिला.

पँट धुवायला नेली, तर खिशात
सातेरीच्या अंगाऱ्याची पुडी. आईनं दिलेली,
कधीची कोण जाणे.
सिस्टरनं ती कोरड्या कागदात बांधून
माझ्या उशीखाली ठेवली.
संध्याकाळी तेर्स असायचा. मी मागच्या बाकावर,
शब्द कळत नसले तरी
दम कुठं घ्यायचा, ते कळायला लागलं.
देव बदल, असं कुणी म्हणालं नाही.
चादर बदल, असं दर शनिवारी.

एप्रिलात हुर्राकाचा वास आला आणि मी पळालो.
पळालो कसला,
गेटला कुलूपच नसतं. चालत गेलो.
नवव्या दिवशी परत आलो तो चप्पल नसलेला.
क्विटेरियाबाईनं शिव्या दिल्या, पेज वाढली,
शिव्या दिल्या, तोराचं लोणचं वाढलं,
पेज संपली तरी शिव्या उरल्या होत्या.
सिस्टरनं रजिस्टर फिरवून माझ्याकडे केलं.
मला वाटलं, नावावर रेघ असेल.
नऊ तारखांपुढे नऊ वेळा, निळ्या शाईत, न कंटाळता :
बाहेर आहे. बाहेर आहे. बाहेर आहे.

ऑगस्टात आणखी चारदा.

मग लसूण सोलायला बसवलं. हात एवढे कापायचे
की पाकळ्या आपोआप सुटायच्या, मिंगेल म्हणे.
ब्रदरनं एक दिवस गाडीची चावी टेबलावर ठेवली.
दिली नाही. ठेवली, आणि जेवायला गेला.
दोन दिवस मी तिच्याकडे बघत होतो.
तिसऱ्या दिवशी उठून टायरांतली हवा तपासली.

मिंगेल नाताळाआधी गेला, झोपेत, खाटेवर.
सिस्टर बराच वेळ पेन धरून बसली.
खलाशाच्या नावापुढे शेवटी लिहिलं : पोचला.

आता रात्री मी गाडी काढतो. परवा स्टँडवर
एकानं बाटली फेकून मारली.
दुसरा म्हणाला, मडगावला सोड. सोडला.
तिसरी बाई पिशवी सोडायला तयार नव्हती,
तिच्या पायरीवर बसून राहिलो,
पोदेराच्या भोंप्यापर्यंत.
कुणी आलं नाही. रजिस्टर कोरं.

रविवारी ऑफिसातल्या फोनवरून मुलीला लावला.
तिनं उचलला.
मी म्हटलं, 'मी.'
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मी काही बोललो नाही, तीही नाही.
दुसरी झाली. तिसरी झाली.
तिच्या घरी भात तीन शिट्ट्यांवर उतरवतात की चार,
मला माहीत नाही.
चौथी झाली,
आणि फोन अजून चालू होता.