दोन मिलिमीटर

हऱ्या कोयंडे भूमितीत दोनदा नापास झाला,
दोन्ही वेळा पेपर मीच तपासला होता.
आता तो माझ्या पद्मिनीखाली उताणा पडलाय
देवगड बंदराच्या वरच्या वळणावर, त्याच्याच शेडमध्ये,
आणि मी ऑइलच्या उलट्या डब्यावर बसून
त्याच्या पायांशी बोलतेय.

भुईबावड्याच्या घाटात, चौथ्या की पाचव्या वळणाला,
ब्रेक गेले नाहीत. मऊ झाले.
ओहोटीच्या पुळणीत टाच रुतावी
तसं पॅडल खाली खाली जात राहिलं.
शेजारी शालन काही बोलली नाही, पर्स तेवढी घट्ट धरली,
आणि कोल्हापूरहून परत आली ती एसटीने.
धाकटी बहीण माझी. रागावली की फार सभ्य वागते.

"ड्रम म्हातारे झाले, बाई. तेंका आता काय्येक करून उपयोग नाय.
पुढे डिस्क घालूया."
पद्मिनीची डिस्क मिळणार कुठे?
"पद्मिनीची कोण म्हणता? दुसऱ्येची."

मग आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्या येत राहिल्या, तुकड्यातुकड्यांनी.
डिस्क एका एस्टीमची. कॅलिपर कुठल्याशा व्हॅनचं.
होज जीपचा, नवा, पिशवीतला.
एस्टीम नांदगावच्या भंगारात उभी होती,
मागून ठोकलेली, डिकी मागच्या सीटपर्यंत आत,
पुढचं सगळं शाबूत.
म्हणजे ती थांबली होती वेळेत.
हे मला रात्री जेवताना सुचलं, आणि मग भात गेला नाही.

पद्मिनीच्या चाकाचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात
त्याचा व्यास अठ्ठ्याण्णव. डिस्कचा शंभर.
दोन मिलिमीटर. वर्गात मी म्हटलं असतं, पेन्सिलीची जाडी.
इथे घाटात गाडी म्हणजे तेवढंच.
हऱ्याने फळीवरून डबा काढला.
कंपासपेटी. झाकणावर खिळ्याने कोरलेलं ह. ग. कोयंडे, आठवी ब.
परकाराचं टोक गंजलेलं, तरी पत्र्यावर रुतलं.
"आधी केंद्र," मी म्हणाले.
"म्हायत हा," पाय नव्हे, या वेळी तोंड म्हणालं.

रिंग घासली बंदरावरच्या लेथवर,
जिथे ट्रॉलरचे शाफ्ट येतात, शिंपल्यांसकट.
माझ्या रिंगच्या आधी नंबर दोन बोटींचा होता.
मी थांबले. थांबण्याचीच तर गोष्ट चालली होती.

शेवटी तेलातली हवा काढायची.
मी आत, पॅडलवर. तो चाकापाशी, नळी बाटलीत.
दाबा.
धरून ऱ्हवा.
सोडा.
दाबा.
धरून ऱ्हवा.
पाऊण तास आम्ही एवढंच बोललो,
आणि बाटलीत बुडबुडे येत राहिले, मग कमी,
मग एक, मग बराच वेळ वाट पाहून
अजून एक, बारीक.
पायाखाली काहीतरी कठीण लागलं. तळाला लागावा तसा दगड.

पवनचक्क्यांच्या सरळ रस्त्यावर त्याने खडूने रेघ ओढली.
चाळीसवर पाय दिला, गाडीने नाक खाली घातलं
आणि रेघेच्या अलीकडे उभी राहिली, तीन हात.
मागचा बर्फाचा टेम्पो किंचाळत बाजूने गेला,
ड्रायव्हर माझ्या वयाचा विचार न करता बोलला.
"आता मागे बघूक शिका, बाई," हऱ्या म्हणाला.

शालनला फोन केला.
"थांबते?"
"थांबते."
"बघू," ती म्हणाली, सभ्यपणे.

एक राहिलं. स्टेपनी.
जुनं रिम पुढे आता बसत नाही, कॅलिपर आडवं येतं.
पुढे पंक्चर झालं तर मागचं चाक काढून पुढे,
आणि स्टेपनी मागे.
मी त्याला ते लिहून द्यायला लावलं, पायऱ्यापायऱ्यांनी,
वहीच्या पानावर. पान आता डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.
अक्षर तेच, उताराला लागलेलं.
पायरी तीनमध्ये जॅक खाली घ्यायचा राहिलाय.
लाल पेन शोधलं मी. सापडलं नाही, बरं झालं.