वीस नंबरचं सूत

नवी पेठेतल्या दुकानात दोन मशिनं शेजारी शेजारी.
एकाला बटण. दाबलं की दळण, दाब, धार, फेस
सगळं तेच करतं, शेवटी स्वतःला धुऊनही घेतं.
दुसऱ्याला दांडा, काटा, आणि एक माणूस लागतो.

"ऑटोमॅटिकच घ्या मॅडम," दुकानदार म्हणाला,
"चुकायला जागाच नाही."
व्यंकटेशचा हात लगेच पाकिटाकडे.
मी रक्तपेढीत दिवसभर बटणंच दाबते,
नळी आत, आकडा बाहेर.
चुकायला घरी तरी थोडी जागा असावी
असं मनात आलं, पण हे सांगायचं कसं?
मी किमतीतल्या फरकावर बोट ठेवलं.

सासरे तोवर आत आले.
चौतीस वर्षं माग; उजव्या हाताचं एक बोट अर्धं.
दोन्ही मशिनं त्यांनी मागच्या बाजूनं बघितली.
"धागा तुटला तर थांबतं का हे?"
दुकानदार हसला.
"ह्याचा दिवा लागतो, बाबा."
"आणि त्याचा?"
"त्याचं तुमचं तुम्हालाच कळायला पाहिजे."
सासरे "हं" म्हणाले.
ते हं कुणाच्या बाजूचं, यावर घरात अजून वाद आहे.

दांडावालं घरी आलं.
नळाला पाणी चार दिवसांआड, तेही क्षाराचं,
म्हणून त्याच्यासाठी जार विकत.
पोरगी म्हणाली, माझ्यापेक्षा लाड आहेत ह्याचे.
पहिली कॉफी आंबट. दुसरी जळकी.
तिसरी आलीच नाही,
काटा लाल पट्ट्यात जाऊन नुसता थरथरला.
व्यंकटेश काही बोलला नाही,
मोठ्यानं.

सासरे कॉफीला शिवत नाहीत.
बशीत चहा ओतून ओट्याशी स्टुलावर बसतात
आणि धारेकडे बघतात.
"दहा नंबर," एकदा म्हणाले. "जाड. चादरीला चालेल."
मी दळण बारीक केलं.
"हे साठ. तुटणार."
तुटलीच. थेंब, थेंब, मग काही नाही.
दळणाचं चाक एक खाच मागे. अर्धी पुढे.
वहीत मी ग्रॅम लिहायची सोडून
सुताचे नंबर लिहायला लागले.

काल पहाटे पावणेसहाला, लाईट जायच्या आत,
दांडा बसवला.
धार उतरली. हलली नाही, फाटली नाही,
ओल्या विटेच्या रंगाची, सत्तावीस सेकंद.
बशी ओठांशी तशीच धरून ते म्हणाले,
"वीस."
आणि मग, शेजारच्या मागवाल्याला सांगावं तसं,
"चालू दे."

कॉफी जरा कडूच होती.
मी सांगितलं नाही.